सगळ्यात सुरक्षित जागा

सर्व्हरचा सिस्टिम ड्राइव्ह काठोकाठ भरला आणि इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसातलं काम सकाळीच ठप्प झालं. मालकांनी जावईबापूंना केबिनमध्ये बोलावलं. मालक म्हणजे जावईबापूंचे सासरे. ऑफिसातले कॉम्प्युटर जावईबापू सांभाळत. ते नीट चालत तेव्हा जावईबापूंची आठवण कुणालाच येत नसे; बिघडले की सगळ्यांना एकदमच येई.

"त्याच डिस्कवर शेजारचा भाग मोकळा आहे, बाबा... साहेब. मधली भिंत सरकवली की झालं."

"मग सरकवा की. आम्ही रोज भिंती सरकवतो."

"तुम्ही कागदावर सरकवता. इथे आत बिऱ्हाड आहे. आधी सगळ्याची नक्कल बाहेर काढायची, ती उघडून तपासायची, मगच भिंतीला हात लावायचा. घाई केली तर सगळंच जाईल."

"शाळेचा नकाशा त्यातच आहे. उद्या सकाळी द्यायचाय. तो गेला तर काम गेलं." सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मागे जावईबापूंनी त्यांचा फोन 'जरा साफ' करून दिला होता. नातवाच्या पहिल्या पावलांचे फोटोही त्यात साफ झाले होते.

जागेवर येऊन जावईबापूंनी सगळ्यांना ऐटीत निरोप धाडला : दुपारी सर्व्हरचं काम आहे, आपापल्या फायली सुरक्षित जागी हलवा. मग ते निवांत जेवायला गेले.

परत येऊन त्यांनी पोर्टेबल डिस्क जोडली, तर नक्कल तीत मावेना. सकाळी मावत होती. सर्व्हर दोन घास जास्त खाऊन बसला होता. जावईबापूंना व्हायरसची शंका आली. त्यांनी बाहेर येऊन विचारलं, "कुणी काही टाकलंय का यात?"

"हो, मी," हिशेब बघणाऱ्या बाई अभिमानाने म्हणाल्या. "सगळे हिशेब, आणि भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ."

"मीपण," ड्राफ्ट्समन म्हणाला.

"अहो, पण सर्व्हरवर का? सर्व्हरचंच तर काम आहे!"

"सुरक्षित जागी हलवा म्हणालात ना? सर्व्हर सगळ्यात सुरक्षित, असं तुम्हीच वर्षभर आमच्या कानीकपाळी ओरडताय."

"बरं. आपापल्या मशीनवर आहे ना अजून?"

"छे! हलवलं म्हणजे हलवलं. डिलीट करून मोकळे झालो."

जावईबापूंनी कपाळाला हात लावला. आता अख्खं ऑफिस त्या एका डिस्कवर होतं आणि नक्कल ठेवायला जागा नव्हती. तेव्हा त्यांना स्वतःचं मशीन आठवलं. ऐसपैस डिस्क, आणि तिला ते कुणाला बोटही लावू देत नसत. आत काय आहे ते बघायचीही त्यांना गरज वाटली नाही. आपल्या घरात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतंच. त्यांनी ती सगळी पुसली आणि सर्व्हरची नक्कल तिच्यात ओतली.

पुढचं सगळं मात्र त्यांनी अगदी शहाण्यासारखं केलं. फायली उघडून पाहिल्या, हिशेब जुळवले, कर्तव्य म्हणून लग्नाचा व्हिडिओही बघितला. मगच भिंत सरकवली. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा सिस्टिम ड्राइव्ह मोकळा श्वास घेत होता आणि जावईबापूही.

"एकही फाईल गेली नाही!" केबिनचं दार ढकलत ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्यांसमोर त्यांची मान ताठ होती.

"शाब्बास!" सासरे खरंच खूश झाले. "खोटं कशाला बोलू, माझा काही विश्वास नव्हता. म्हणून शाळेचा नकाशा मी सर्व्हरवरून आधीच काढून घेतला."

"कुठे ठेवलात?"

"तुमच्या मशीनवर. तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा. त्याला तुम्ही कुणाला हात लावू देत नाही, म्हटलं याहून सुरक्षित जागा कुठली?"

"पण... पासवर्ड?"

"माझ्या मुलीचा वाढदिवस मला ठाऊक नसेल?"

सासऱ्यांनी जावईबापूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हा चेहरा त्यांनी ओळखला. फोन परत देतानाही तो असाच होता.

मग सासऱ्यांनी कपाटातून मोठा कोरा कागद काढून टेबलावर पसरला, मुलीला फोन करून दोघांनाही जेवायला उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि जावयापुढे पट्टी आणि पेन्सिल सरकवली.

"बसा. मी सांगतो तशा रेघा मारा."

जावईबापूंनी मुकाट्याने खोडरबराकडे हात नेला. सासऱ्यांनी तो उचलून आपल्या खिशात टाकला.

"हा माझ्याकडे राहू द्या."