कापगते सरांचा टाइम

कापगते सरांच्या मनगटावर घड्याळ, भिंतीवर घड्याळ, खिशात मोबाइल. तरी रोज सकाळी दहाला ते कुठंतरी फोन लावून विचारायचे, "वाजले किती?" उत्तर आलं की "हं" म्हणून ठेवून द्यायचे. बरेच दिवस मला वाटलं, रेल्वे चौकशीला लावतात.

गोरेगाव या आमच्या तालुक्याच्या गावी तहसीलीसमोर ते अर्ज टाइप करून देतात. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. त्यांचा संगणक डॉसच्या काळातला. आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे सुरू केला की तो १९८० च्या एक जानेवारीलाच जागा व्हायचा. काळ्या पडद्यावर आधी तारीख विचारायचा, मग वेळ. तारीख सर कॅलेंडर पाहून भरत. वेळ फोनवर विचारून. दिवसात तीनदा वीज गेली, तर तीनदा फोन.

"मोबाइलवर दिसते ना, सर."

"दिसते. पण मशीनले टाइम इचारूनच द्यावा लागते."

एकदा सर बाहेर गेले असताना मी नवी बॅटरी बसवून तारीख-वेळ लावून टाकली. नाण्याएवढी असते. दुसऱ्या सकाळी पडद्यावर वेळ बिनचूक आली. सर बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले.

"चांगलं केलं," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दोन अर्जांत नावं चुकवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवेगाव बांधहून एक म्हातारी आली. मला विचारलं, "कापगते कुठं बसते जी? बरा आहे ना?" मी दार दाखवलं.

"काऊन रे, दोन दिस टाइम नाही इचारला?"

सर उठून उभे राहिले. "मशीन सुधरली, बाई. तू कायले आली उन्हात?"

ती त्यांची मोठी बहीण. आईला शेवटी कोणाकडे ठेवायचं यावरून बिनसलं होतं, हे सरांनी मला नंतर सांगितलं. सात वर्षं दोघांत "वाजले किती" एवढंच बोलणं उरलं होतं.

सरांनी डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. तिनं घास घेतला.

"मीठच नाही."

"डॉक्टरनं मना केलं. दिवाळीपासून."

"सांगितलं काऊन नाही?"

तिनं अर्धा भात झाकणात काढून त्यांच्या हातात दिला. दोघं जेवत असताना परतीची एसटी समोरून गेली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. उठलं कोणीच नाही.