गुपिताचा फ्लेक्स

सीमेवर तणाव वाढला आणि फौजेतल्या सनीचा फोन आला. "अप्पा, मला जैसलमेरला हलवलंय. कुणाला बोलू नका. बोभाटा झाला तर रजा जाईल, अन् लगीन लांबंल."

पंचवटीत झेंडूचे ढीग लावून बसणाऱ्या रंगनाथने लेकाचं हे गुपित बायकोला, छायालासुद्धा, सांगितलं नाही. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं त्याचं ठाम मत. पण अभिमान काही पोटात मावेना. मोबाईलवर जुन्या महायुद्धातली, तोंडावर बोट ठेवायला सांगणारी पोस्टरं फिरत होती. तसाच एक फ्लेक्स बाजाराच्या चौकात लावायचं त्याने ठरवलं. आपण बोलायचं नाही, पण लोकांना गप्प बसवायला काय हरकत आहे?

फ्लेक्सवाला अमोल म्हणाला, "काका, मजकूर लय भारी. फोटो कुणाचा?"

"गुपिताच्या बोर्डाला फोटो कशाला?"

"बिगर फोटोचा बोर्ड कोण वाचतंय? सनीदादाचा वर्दीतला टाकू. खाली हुद्दा, पोस्टिंग."

रंगनाथला ते पटलं, आणि सगळं त्यानेच सांगितलं.

सकाळी चौकात दांडगा सनी उभा राहिला. 'भिंतींनाही कान असतात! जवानांचा ठावठिकाणा कोणालाही सांगू नका. नायक सनी रंगनाथ मौले, सध्या जैसलमेर. शुभेच्छुक : समस्त फुलविक्रेते.'

रंगनाथने कौतुकाने मोठ्याने वाचायला घेतलं आणि 'जैसलमेर'पाशी येऊन तो थबकला. शिडी आणून त्याने गावाचं नाव सुरीने कापून काढलं. तोवर ज्यांनी बोर्डाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तेही भोक बघायला जमले.

"काय कापलं, रंगनाथभाऊ?" कोथिंबीरवाल्या आक्काबाईने विचारलं.

"काय नाय."

"जैसलमेर," मागून कुणीतरी मदत केली.

दुपारपर्यंत फोटो गावभर फिरला. चांदवडहून व्याह्यांचा फोन आला, "जावईबापूंची रजा पक्की ना?" रंगनाथने "पक्की, पक्की" म्हणत घाईने फोन ठेवला. संध्याकाळी सनीचा फोन आला.

"अप्पा, तुमचा बोर्ड इथं पोचला."

"साहेबांनी पाह्यला?"

"पाह्यला. हसले. रजा मंजूर हाय."

"अन् ते जैसलमेर?"

"मी तिथं नायच, अप्पा."

रंगनाथचा जीव भांड्यात पडला, पण लगेच आत काहीतरी टोचलं. "बापाला खोटं सांगितलंस?"

"बोर्ड बघा की, अप्पा."

"मग हायेस तरी कुठं?"

"आईला ठावं हाय. तिनं सांगितलं तर बघा."

रंगनाथने छायाकडे पाहिलं. ती हार ओवत होती. तिने दाताने दोरा तोडला.

"चहा ठेवू का?" ती म्हणाली.