टिपणीसांच्या नकाशातली विहीर

शिरीष टिपणीसांनी लिहिलेला अर्ज कधी परत येत नाही! त्या काळी बहरीनमधल्या गुदैबिया वस्तीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण टिपणीसांनीच ती सगळ्यांना सांगितली होती. किराणा दुकानात तांदूळ तोलून घेताना, जिन्यात भाजीची पिशवी सांभाळताना, एकदा तर गणपतीच्या आरतीत दोन कडव्यांच्या मधे!

तसं काम अवघड होतंच, उगाच कशाला नावं ठेवा. टिपणीस पुण्याचे इंजिनिअर. त्यांची कंपनी खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारे छोटे कारखाने उभारायची. गोडं पाणी काढून घेतलं की मागे उरतं ते समुद्रापेक्षाही खारट. ते टाकायचं कुठे? तर एक खोल विहीर खणायची आणि तिच्यातून ते जमिनीच्या पार पोटात ढकलून द्यायचं. आपल्या विहिरीतून पाणी वर येतं, या विहिरीतून खाली जातं. आता ज्या बेटावर लोक पिढ्यान्‌पिढ्या जमिनीतलंच पाणी पीत आले, तिथलं सरकार असल्या विहिरीला सुखासुखी परवाना देईल होय? अर्जाचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलावा लागे, आणि बहुतेकांचा गठ्ठा चार दिवसांत परत येई. कुणी खोली एका पानावर फुटांत लिहिलेली, दुसऱ्या पानावर मीटरमध्ये. कुणी शेजाऱ्याची विहीर नकाशात दाखवायलाच विसरलेला. एका महाभागाने सगळं बिनचूक भरून सही करायची तेवढी ठेवली होती!

टिपणीसांचं तसं नव्हतं. ब्याऐंशी सालच्या दसऱ्याच्या सुमारास मॅनेजर नझीरसाहेबांनी त्यांना बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"टिपनीस साब, ये बुदैया गाँववाली अर्जी पहली बार में पास हो गयी, तो नया परमिट सेक्शन आपका. केबिन के साथ!"

केबिन! स्वतःची केबिन, आणि तिच्यात स्वतःचा एसी! टिपणीसांना त्या क्षणी जो अभिमान वाटला तो पगारवाढीच्या वेळीही वाटला नव्हता. त्यांनी जीव ओतून अर्ज लिहिला. नकाशा तर असा काढला की बघत राहावं. निळा समुद्र, हिरवे मळे, काळ्या शाईत आपली नियोजित विहीर आणि आसपासची प्रत्येक जुनी-नवी विहीर म्हणजे एक सुबक लाल ठिपका. अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी दसरा होता. गठ्ठा ऑफिसात ठेवायला मन होईना, म्हणून ते तो घरी घेऊन आले.

घरी अरुणाबाईंनी पाटावर पूजा मांडली होती. लीनाची पुस्तकं, शिवणयंत्र, घरातला पाना-पक्कड. टिपणीसांनी ते सगळं बाजूला सारलं आणि मधोमध नकाशा उलगडला.

"अगं, माझं शस्त्र हे! याला कुंकू लाव."

"अहो, कागद खराब होईल."

"एक बारीकसा ठिपका गं! कोपऱ्यात. कुणाला दिसणार आहे?"

"बाबा, इट्स जस्ट अ मॅप!" लीना म्हणाली.

"जस्ट अ मॅप? अगं, असा नकाशा अख्ख्या बहरीनमध्ये नाही!" असं म्हणून टिपणीसांनी हात जोडले, डोळे मिटले आणि ते केबिनचं ध्यान करू लागले.

अरुणाबाईंनी कुंकवात बोट बुडवलं आणि कोपरा शोधला. एका कोपऱ्यात कंपनीचं नाव, दुसऱ्यात दिशा, तिसऱ्यात खुणांची यादी, चौथ्यात नवऱ्याची लांबलचक सही! शेवटी जरा मोकळी जागा दिसली तिथे त्यांनी बोट टेकवलं. रोजच्या सवयीचा हात, ठिपका कसा गोल गरगरीत उमटला. सकाळी टिपणीसांनी चारही कोपरे तपासले. स्वच्छ! "बायको हुशार आहे, नुसतं टेकवल्यासारखं केलंन्," असं मनाशी म्हणत त्यांनी नकाशा गुंडाळला आणि अर्ज देऊन आले.

दोनच दिवसांत सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. तिथे अर्ज तपासायला हलिमा मॅडम होत्या. भल्याभल्या इंजिनिअरांना त्यांच्या टेबलासमोर घाम फुटायचा. हिंदी मात्र फर्डं बोलायच्या.

"मिस्टर टिपनीस, नक्शे में यहाँ एक कुआँ है. आपके कुएँ के बिलकुल पास. लिस्ट में नहीं है."

टिपणीसांनी वाकून पाहिलं. बुदैयाच्या एका मळ्यात एक लाल ठिपका. बाकीच्यांइतकाच लाल, बाकीच्यांपेक्षा किंचित जास्तच गोल! आता इथे कुणीही साधा माणूस म्हणाला असता, बाई, चूक झाली, हा मी काढलेला नाही. पण तसं म्हणणं म्हणजे नकाशा चुकला असं कबूल करणं. टिपणीसांचा नकाशा, आणि चुकला?

"नक्शे में है, तो कुआँ है!" ते ठणकावून म्हणाले. "लिस्ट टायपिस्ट ने की थी."

"पीने का पानी है उसमें? तो परमिट नहीं मिलेगा."

"नहीं नहीं! पुराना है. सूखा. मिट्टी से भरा हुआ."

"तो दिखाइए," हलिमा मॅडम म्हणाल्या. "शनिवार को मैं खुद आऊँगी. सूखा हुआ तो अर्जी पास. नहीं दिखा, तो अर्जी वापस."

वापस! हा शब्द टिपणीसांच्या कानात तापल्या तेलासारखा पडला. बाहेर येऊन ते गाडीत बसले आणि ड्रायव्हर शंभूला म्हणाले, "बुदैया. यल्ला, चल लवकर!"

शंभू मालवणकडचा. वाटेत साहेबांनी त्याला सगळी हकीकत सांगितली, आणि त्याने ती तिथल्या तिथे खरी मानली.

"साहेब, तुमच्या नकाशात बाव हा म्हणजे जमिनीत असतलीच! नसात तर जातली खंय?"

मळा रहिमतुल्लाचाचांचा होता. म्हातारा वाफ्यात उकिडवा बसला होता. विहिरीचं नाव काढताच त्याने हात झटकले.

"कुआँ? मफी, नहीं है, साब! होता तो मैं पड़ोसी से पानी माँगता?"

टिपणीसांनी बॉनेटवर आपल्याजवळची कच्ची प्रत पसरली आणि कचेरीत पाहिलेली जागा बोटाने दाखवली. "चाचा, आप यहाँ कब से हैं?"

"जवानी से."

"तो ये उससे पहले का है!"

म्हाताऱ्याला हे पटू लागलं. शिकलेला माणूस, एवढा रंगीत नकाशा, वर गळ्यात टाय! तो दाढी कुरवाळत नकाशाकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याचे डोळे चमकू लागले.

"मेरे खेत में कुआँ! इंशाल्ला पानी भी होगा."

"पानी नहीं चाहिए, चाचा! सूखा चाहिए!"

"तौबा! ऐसा क्यों बोलते हो, साब?"

शुक्रवारी सुट्टी होती. शंभूने गाडी भरून आपली गाववाली मंडळी आणली. फावडी, घमेली, शिवाय दुपारसाठी वडे आणि कोंबडीचा रस्सा. साहेबांची हरवलेली बाव शोधायची म्हणजे गावाच्या अब्रूचा प्रश्न! खड्डा खाली जाऊ लागला. काठावर एका बाजूला रहिमतुल्लाचाचा हात पसरून पाणी मागत होते. दुसऱ्या बाजूला टिपणीस हात जोडून पाणी लागू नये म्हणून विनवीत होते. देव एकच असला तर त्या दिवशी त्याची फार ओढाताण झाली असणार! संध्याकाळपर्यंत ना पाणी लागलं, ना जुन्या विहिरीचा एक दगड.

शनिवारी सकाळी हलिमा मॅडम आल्या. मागोमाग नझीरसाहेब आले. खणणारी मंडळी रात्रपाळीवरून थेट फावडी घेऊन आली होती. बाव सापडल्याशिवाय परत जायचं नाही असं त्यांनी परस्परच ठरवून टाकलं होतं. ऊन असं की छत्रीखालीही जीव नकोसा व्हावा.

"कहाँ है कुआँ?" मॅडमनी विचारलं.

"बस, आ ही रहा है," टिपणीस म्हणाले, जणू विहीर बसने येणार होती.

मॅडमनी अर्जातला मूळ नकाशा उलगडून त्यांच्यापुढे धरला. "नक्शे में जगह दिखाइए."

टिपणीस वाकले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा एक टपोरा थेंब निघाला आणि नेमका त्या विहिरीवर पडला. आणि विहीर वाहू लागली! मळा ओलांडून, रस्ता ओलांडून, लाल ओघळ थेट निळ्या समुद्राकडे! बाकीच्या विहिरी मात्र जागच्या जागी, शाईच्या होत्या ना. टिपणीसांनी बोट लावून पाहिलं. बोट नाकाशी नेलं. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पाट आला, शिवणयंत्र आलं, डोळे मिटून बसलेले ते स्वतः आले.

खोटं बोलायची अजून एक संधी होती. पण गडी प्रामाणिक होता, एवढं मात्र म्हणायलाच हवं.

"मॅडम," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "ये कुआँ नहीं है. मेरी वाइफ का कुंकू है."

नझीरसाहेबांनी कपाळावर हात मारला. हलिमा मॅडमनी त्या लाल ओघळाकडे नीट पाहिलं. मग आधी ओठ हलले, मग खांदे, आणि मग त्या अशा हसल्या की झाडावरचे कावळे उडाले.

"कुमकुम! नईम मोहल्ले में हमारे पड़ोस में रत्नाबाई हैं, रोज़ लगाती हैं. माथे पर! नक्शे पर लगाते पहली बार देखा." त्यांनी डोळे पुसले. "साफ नक्शा दे दीजिए. अर्जी मेरे पास ही है, वापस नहीं करूँगी. पास समझिए."

टिपणीसांची मान एकदम ताठ झाली. शेवटी नकाशा बरोबरच होता की नाही! चूक कुंकवाची होती, नकाशाची नव्हती. ते नझीरसाहेबांकडे वळून केबिनविषयी बोलणार, एवढ्यात खड्ड्यातून शंभूचा आवाज आला.

"साहेब! पाणी लागला! गावली तुमची बाव!"

सगळे काठावर धावले. तळाशी माती काळी झाली होती आणि तिच्यातून झुळझुळ पाणी वर येत होतं. रहिमतुल्लाचाचांनी ओंजळीत घेऊन चाखलं आणि ते रडायलाच लागले.

"मीठा है! साब, मीठा है! आपका नक्शा सच्चा निकला!"

टिपणीसांची छाती अभिमानाने फुगली, आणि दुसऱ्याच क्षणी आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. आपल्या विहिरीच्या बिलकुल शेजारी पिण्याच्या पाण्याची विहीर! आणि ती खणवली कुणी? आपणच!

नझीरसाहेब झटकन पुढे झाले. "कागज़ पर नहीं है तो कुआँ नहीं है. मिट्टी डालो. खलास!"

"ये भी सही है," हलिमा मॅडम म्हणाल्या. "चाचा अर्जी दें और पास हो जाए, तभी कुआँ. एक हफ्ता रुकूँगी. नहीं तो भर दो."

म्हणजे जीव पुन्हा भांड्यात पडला. बिगर शिकलेल्या म्हाताऱ्याचा अर्ज पास होतोय कसला! टिपणीसांनी फक्त आठवडाभर गप्प बसायचं होतं.

पण तीन दिवसांनी रहिमतुल्लाचाचा त्यांच्या दारात आले. मनामाच्या बाजारातल्या कुणाकडून तरी अर्ज लिहून आणला होता. "साब, एक बार देख लो. ठीक है ना?"

"ठीक है" म्हणायला टिपणीसांनी तोंड उघडलं. मग नजर कागदावर गेली. खोली फुटांत, पाण्याची पातळी मीटरमध्ये! नकाशात उत्तर दिशा खाली, त्यामुळे चाचांचा मळा समुद्रात! शेजारच्या विहिरी गायब, सहीची जागा कोरी! टिपणीसांच्या अंगाला खाज सुटली. समोर म्हातारा आशेने बघत होता. एकीकडे केबिन, एसी, दारावरची पाटी. दुसरीकडे हा असला गचाळ अर्ज! शिवाय खरं सांगायचं तर त्यांना त्या गोड्या पाण्याचा फार लोभ जडला होता. त्यांच्या नकाशामुळे लागलेलं पाणी होतं ते!

"चाचा, बैठो," ते म्हणाले. "लीना, माझी पट्टी आण. आणि शाई."

पुढच्या आठवड्यात टिपणीस कचेरीतून घरी आले ते असे, की जणू मिरवणूकच मागे येते आहे. अरुणाबाईंनी दार उघडलं.

"अहो, झाला का अर्ज पास?"

"पास! पहिल्याच खेपेला! एक शेरा नाही, एक खाडाखोड नाही! हलिमा मॅडम म्हणाल्या, असा अर्ज आमच्या कचेरीत आजवर आला नाही!"

"अगंबाई! म्हणजे केबिन मिळाली!" अरुणाबाईंनी शिऱ्यासाठी रव्याचा डबा खाली काढला.

"केबिन... नाही मिळाली."

"का?"

"पास झाला तो रहिमतुल्लाचाचांचा." टिपणीसांनी बूट काढायला मान खाली घातली. "आता तिथे विहीर आहे म्हटल्यावर आपल्याला कसला परवाना?"

अरुणाबाईंनी डबा तसाच हातात धरला. "म्हणजे शेवटी तुमचा अर्ज परत आला?"

टिपणीस एक बूट पायात, एक हातात, असे ताठ उभे राहिले.

"परत? टिपणीसांचा अर्ज परत येत नाही! नामंजूर करून त्यांनी तो तिथेच ठेवून घेतलाय!"