मोंबासाला जाणाऱ्यांनी गोमाजींना भेटावे

वडशाला पहिल्या बाळंतपणासाठी निघालेल्या पोरीला गोमाजी सौंदडच्या फलाटावर समजावत होते, "दाराच्या बाजूनं झोपू नोको माय. सिंह पायाले धरून ओढते."

पोरगी घाबरून रडायला लागली. तिच्या आईने गोमाजींचा असा उद्धार केला की दुसरा कुणी असता तर गाव सोडून गेला असता. गोमाजी शांतपणे पुढच्या ट्रंकेकडे वळले.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी तिथे एका लाकूड ठेकेदाराकडे मुनीम होतो, आणि माल चढवायला रोज स्टेशनावर असायचो. गोमाजी तरुणपणी धाकट्या भावाबरोबर आफ्रिकेत मोंबासाला उतरून रेल्वेची लाइन टाकायला गेले होते. परत एकटेच आले. आता शेती पोरं बघत आणि गोमाजी दोन्ही वेळच्या गाडीला हजर असत. ज्याच्या हातात ट्रंक, तो मोंबासाला निघालेला. मग तो भंडाऱ्याला कोर्टाच्या तारखेला का जाईना.

"जहाजात तीन दिवस काही खाऊ नोका, निंबू चाटा. तापाची कुनैन जेवनाच्या आधी. चप्पल झटकल्याबिगर घालू नोका. पायाच्या अंगठ्यात किडा शिरते, त्याले फोडू नोका, सुईनं अख्खा काढा. अन् एक शब्द पाठ करा, माजी. माजी म्हनजे पानी. बाकी भाषा आपोआप येते."

"गोमाजी, मी तिरोड्याले जाऊन रायलो," एखादा कळवळून म्हणे.

"जा ना. पन चप्पल झटका."

मला तेव्हा थट्टेची फार खाज होती. पंचविशीचं वय, गावात करमणूक नाही, आणि स्वतःच्या हुशारीवर दांडगा विश्वास. ठेकेदाराने मला वर्षभरासाठी रायपूरला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी मित्रांना डोळा मारून फलाटावर जाहीर केलं, "गोमाजी, मोंबासाला चाललो. नोकरी लागली."

वाटलं, आता तासभर मजा येणार. गोमाजी उठून तडक घरी गेले.

निघायच्या दिवशी आले ते धुतलेलं धोतर नेसून. हातात कुनैनची जुनी बाटली होती, पाण्याने भरलेली, बुचावर लाख ओतून बंद केलेली.

"मुनीमजी, तिकडं वोई नावाच्या स्टेशनाच्या पुढं, दोन टेकड्यांच्या मधात आमी दोघा भावांनी बोडी खोदली, लहान तलावच म्हना. लोक पान्याबिगर मरून रायले होते, साहेबाले काही सुचे ना. तलाव खोदनं आमच्या घरचंच काम. बोडी भरली अन् धाकटा विसन तापानं गेला. बोडीच्या बांधावर, पाळीवरच माती देली त्याले." मग बाटली पुढे करत म्हणाले, "आमच्यात नव्या बोडीत गावच्या जुन्या तलावाचं पानी टाकाव लागते. तवा ते आपली होते. तेवढं रायलं. माहा भाऊ परक्या पान्याजवळ निजला हाये."

मागे मित्र हसू दाबत होते. रायपूरला चाललोय हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान डोलावली आणि बाटली घेतली. आजही ते आठवलं की मान वर होत नाही.

वर्षाने परतलो. गोमाजी फलाटावरच होते.

"टाकलं?"

"टाकलं."

"बोडीत पानी होतं?"

"काठोकाठ."

माझे दोन्ही हात धरून तो म्हातारा सगळ्यांदेखत रडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही मी आणखी एक खोटं जोडलं, की पाळीवर झाडांची चांगली सावली आली आहे.

दुसऱ्या दिवसापासून गोमाजींनी सल्ले देणं बंद केलं. गाडीला येत, बाकावर विडी ओढत बसत. ट्रंका समोरून जात, ते बघतही नसत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं ते तिकडे जाणारा एक माणूस शोधत होते. सिंह, कुनैन, निंबू, सगळं त्याच्यासाठी होतं. तो आता भेटला होता, आणि तो मी होतो.

पुढे काही महिन्यांनी गोंदियाच्या एका किराणा दुकानदाराचा भाचा आमच्या गावात दिलेल्या बहिणीला भेटून गाडीची वाट बघत उभा होता. ट्रंक केवढी तरी मोठी. कुणीतरी विचारलं, कुठे?

"मोंबासा जा रहा हूँ. चाचा की दुकान है वहाँ."

गोमाजी बाकावरून उठले. त्यांनी त्याला हाताला धरून माझ्यासमोर आणून उभं केलं.

"माहं आता जुनं झालं. आमचे मुनीमजी आत्ताच जाऊन आले. याइले विचारा."

बाटली तशीच बंद माझ्या खोलीत होती, स्टेशनापासून शंभर पावलांवर. गाडी अजून दिसतही नव्हती. धावत जाऊन आणून त्याच्याकडे देता आली असती. पण आणली असती तर गोमाजींना दिसली असती.

मी त्याला चप्पल झटकायला सांगितलं. जहाजात निंबू चाटायला सांगितलं. शेजारी गोमाजी खुशीत मान डोलावत होते. एक गोष्ट माझ्याकडून राहिली, तिची त्यांनी हळूच आठवण करून दिली.

"माजी सांगा ना, मुनीमजी."

मग तेही मी सांगितलं. माजी म्हणजे पाणी.