अँटीबॉडीची पूजा

कार्यक्रम ठरवावा तर माझ्यासारख्यानं, हे मी कॉलेजात छाती ठोकून सांगत आलोय. मी प्रयोगशाळेचा प्रमुख. आमच्याकडं सूक्ष्मदर्शक येवो नाहीतर जनरेटर, हळदकुंकू वाहून नारळ फुटल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. मग तीन महिने वाट बघायला लावून आलेल्या अँटीबॉडीला मी कसा सोडीन?

बर्फाच्या डब्यात बोटाच्या पेराएवढी बाटली. स्नायूंना इजा झाली की त्यांच्यातलं एक एन्झाइम रक्तात उतरतं, ते ही अँटीबॉडी हुडकून दाखवते. माझी विद्यार्थिनी रोहिणी, तिची पीएच.डी. या बाटलीवरच अडकलेली, अन् प्रबंध द्यायला उरले वीस दिवस.

"सर, ही गरम झाली की वाया जाती," रोहिणी म्हणाली. "फ्रीझरात ठेवू द्या."

"अगं, पाच मिनिटांचं काम हाय. अध्यक्ष निघालेत."

संस्थेचे अध्यक्ष मोहनराव निघाले होते हे खरं, पण माजलगावला एका लग्नाला. अडीच तास झाले. इकडं पूजेच्या मांडवात बर्फाचं पाणी व्हायला लागलं, त्यात लॅबची वीज गेली अन् जनरेटरात डिझेल नव्हतं. फ्रीझर म्हणजे नुसतं कपाट. रोहिणीचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गेटवर म्हाळूची कुल्फीची सायकलगाडी दिसली. बर्फात मीठ घातलं की तो लई गार होतो, एवढं शास्त्र मला येतं. बाटली पिशवीत गुंडाळली, कुल्फीच्या रिकाम्या साच्यात घातली, झाकण लावलं अन् गाडीवरच्या बर्फ-मिठाच्या माठात खुपसली. म्हाळूला बजावलं, "हितून हलू नको."

अन् मोहनराव आले. मी हार घेऊन धावलो. त्यांनी रिकाम्या डब्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला अन् विज्ञानावर पाऊण तास बोलले. बाहेर येऊन बघतो तर म्हाळू गायब!

"लिंबागणेशच्या रस्त्यानं गेला," वॉचमन म्हणाला. "हितं समदे भाषण ऐकायलेत, गिऱ्हाईक कुठून येणार?"

माझी स्कूटर मोहनरावांच्या सहा गाड्यांमागं अडकलेली. मग काय, पळालो. गेल्या वीस वर्षांत मी एसटीमागंसुद्धा पळालो नव्हतो. तीन किलोमीटरवर म्हाळू सापडला. एका गिऱ्हाइकासमोर तो साचा तळहातावर चोळत होता.

"सर, कावून पळायलात?" तो म्हणाला. "ही कुल्फी सुटंनाच बगा."

मी साचा हिसकावला, परत माठात कोंबला अन् तिथंच रस्त्याकडंला बसलो. परत येताना म्हाळूनं मला माठाशेजारी बसवून आणलं.

दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठवेना. माझी बायको बबिता तेल चोळत होती, तेवढ्यात रोहिणी सुई घेऊन दारात.

"सर, अँटीबॉडी चालती का बघायचं तर स्नायू दुखावलेल्या माणसाचं रक्त पायजे."

मी निमूट हात पुढं केला.

संध्याकाळी तिचा फोन. आधी नुसता हुंदका. मग म्हणाली, "सर, अँटीबॉडी चालली, चाचणीच्या कागदावर पट्टा उमटला. लई जाड उमटला." माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

प्रबंध वेळेत गेला. त्यात रोहिणीनं तपासलेल्या दहा पैलवानांचे पट्टे फिके अन् माझा एकट्याचा काळाकुळकुळीत. मी ऐटीत ते पान बबितापुढं धरलं. तिनं खालची ओळ मोठ्यानं वाचली.

"पुरुष, वय सत्तेचाळीस. व्यायामाची सवय अजिबात नाही."

नाव कुठंच छापलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "तुमीच ना हे?"