नाकेदाराचं भेव

वाघ समोर आला तर ताकसांडे नाकेदार बिडी विझवून बाजूला उभा राहायचा, आणि वाघ गेला की तीच बिडी पुन्हा पेटवायचा. हे मला पांढरकवड्यात चार जणांनी सांगितलं, म्हणजे निम्मं तरी खरं असावं. पण हाच जंगलखात्याचा माणूस माझ्या दारात आला की टोपी काढून तिचा पिळा करायचा आणि स्वतःच्या वहाणांकडे बघत म्हणायचा, ‘सर, एक सवाल होता. इंग्रजीचा.’

एवढे कशाला घाबरता म्हटलं तर म्हणे, ‘वाघ पुढून येते, सर, दिसते. हे इंग्रजी कुठून येते, दिसतच नाई.’

मी तेव्हा नुकताच तिथल्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो होतो. नोकरी कच्ची, इंग्रजी त्याहून कच्चं. त्यामुळे तो दारात दिसला की खरा घाम मला फुटे.

‘खुर्च्या चार असल्या तरी फर्निचर एकच काहून, सर?’ ‘शाल कुठी लावाव अन् विल कुठी?’ डोळे मिटून तो प्रश्न पाठ म्हणे आणि उत्तर घोकत घोकत नाक्यावर परत जाई. मला येत नसलं की मी खाकरून सांगत असे, ‘इंग्रजीत दोन्ही चालतं.’ माझ्या कृपेनं त्या वर्षी इंग्रजीत बरंच काही चाललं.

एकदा मी चिडून विचारलं, ‘नाकेदार, तुम्हाला हे हवंय कशाला? सागवान काय इंग्रजीत मोजता?’

‘लागते, सर,’ एवढंच तो म्हणाला. हैदराबादकडे जाणारे ट्रकवाले त्याला ‘लाटसाब’ म्हणून चिडवत. तोही हसत नाक्याचा दांडा वर करी.

मग एके सकाळी त्यानं ‘नो सूनर’ काढलं. वाक्यात त्याच्या मागून काय येतं? मी बेधडक ‘व्हेन’ सांगून टाकलं. तो घोकत निघाला आणि पायरीवर पुटपुटला, ‘परीक्षेत येतेच म्हणे थे.’

‘कोण म्हणे?’

जीभ चावून तो परत आला. ‘माही बायको, सर. बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली तवापासून पुस्तकं धरून बसली. यंदा बाहेरून मॅट्रिकले बसून राह्यली. आठ दिवस उरले. कोणाले सांगू नोका. लोकं तिले हासतीन. मले हासू द्या, मले काय होते?’

मी तडक शाळा गाठली. हेडमास्तरांचं जाडजूड व्याकरण उघडलं, तर तिथं ‘दॅन’! मॅट्रिकचं इंग्रजी भल्याभल्यांना आडवं पाडायचं, एका मार्कानं वर्ष जायचं. ती बाई माझ्या थापेनं नापास होणार. सांगायला जावं तर अब्रू जाते, आणि मागच्या सगळ्या ‘दोन्ही चालतं’चं काय? दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नाकेदाराचं क्वार्टर गाठलं.

तो नाक्यावर होता. बाई दारातच वही घेऊन बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या कबुली देऊन टाकली.

‘माहीत आहे, सर,’ त्या म्हणाल्या. वहीत माझी उत्तरं ओळीनं उतरवलेली होती आणि निम्म्यांच्या पुढे त्यांनी स्वतः शोधून बरोबर उत्तर लिहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘मग त्यांना माझ्याकडे पाठवता कशाला?’

त्यांनी नाक्याकडे पाहिलं. ‘पहिले लय बोलत. जंगलातलं, माणसाइचं, सारं. मी पुस्तक हाती घेतलं अन् घरात बोलेनासेच झाले. तुमचं उत्तर सांगाले मात्र चुलीपाशी येऊन बसतात. मंग घंटाभर बोलतात. चुकलं म्हून त्याइले सांगू नोका, सर.’

परतताना नाक्यावर त्यानं मला अडवलं. ‘पास होईन न थे?’

‘होणारच,’ मी म्हटलं. त्या वेळी मी थाप मारत नव्हतो.

तो खुलला. मग आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाला, ‘सर, मॅट्रिक झालेल्या बाईशी नवऱ्यानं काय बोलाव?’

‘हे तिलाच विचारा की.’

‘तिले विचाराचं भेव वाटते, सर. म्हून तं तुमाले विचारून राह्यलो.’