शेपट्या सांभाळणाऱ्या शालनबाई

"शेपट्या आत घ्या!"

चित्रांच्या पुस्तकाचं पान उलटण्याआधी शालनबाई अशी सूचना देतात. ती मुलांना नसते, चित्रातल्या प्राण्यांना असते. पानात कुणाची शेपटी चेमटू नये म्हणून. माकडाच्या पानावर त्या जरा जास्तच थांबतात. सशाचं लवकर उरकतं. एकदा मी घाईत उंदराचं पान फाडकन उलटलं, तर पुढच्या रांगेतला एक जण कळवळून ओरडला, "त्याला लागलं ना!" बाईंनी मला उंदराची माफी मागायला लावली. मी मागितली. दोन पोरांची आई मी, बालवाडीतल्या सतरंजीवर बसून उंदराला सॉरी म्हणाले.

आमची बालवाडी दिंडोरी रोडवर आहे. मी तिथे शालनबाईंच्या हाताखाली शिकवते. बाई पन्नाशीच्या पुढच्या, ठेंगण्या. थंडी असो वा नसो, दसरा झाला की त्यांच्या अंगात मरून रंगाचा स्वेटर चढतो तो होळीलाच उतरतो. सगळ्या प्राण्यांना त्या अहो-जाहो करतात. "हे गेंडे. रागीट दिसतात, पण तसे नाहीत हो. तोंडच तसं आहे." आमच्या मोठ्या मॅडमची ओळखही त्यांनी मला पहिल्या दिवशी याच शब्दांत करून दिली होती.

दर थंडीत 'हिवाळा आणि प्राणी' हा विषय येतो. शाळेने त्यासाठी गुळगुळीत कागदाची पुस्तकं आणली आहेत. त्यात जिकडेतिकडे बर्फ. नाशिकच्या थंडीत आमची पोरं कुडकुडतात खरी, पण बर्फ कुणी बघितलाय? "बाई, एवढा कापूस कुणी सांडला?" एकाने विचारलं. दुसऱ्या दिवशी बाई रसाच्या दुकानातून गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी घेऊन आल्या. प्रत्येकाला हात ठेवायला लावला. "असं गावभर पडलेलं असतं तिकडे." "मग गोळेवाल्याची मजा!" मागून आवाज आला. त्यानंतर आपल्याकडचे प्राणी. भिंतीवरच्या पाली कुठे गेल्या ते शोधा. बेडूक कुठे गेले ते माळीकाकांना विचारा. पोरांनी दोन दिवसांत बागेतल्या सगळ्या कुंड्या उकरल्या. माळीकाका अजून बाईंशी बोलत नाहीत.

पण कहर झाला तो अस्वलामुळे. बर्फातलं अस्वल गुहेत झोपतं आणि ऊन तापलं की उठतं, ही गोष्ट वाचून झाल्यावर बाईंनी ते पुस्तक कपाटावर आडवं ठेवलं, वर शालीचा तुकडा घातला आणि हळूच म्हणाल्या, "झोपलेत. आवाज नको."

झालं. त्या थंडीत आमचा वर्ग कुजबुजत चालला. कविता कुजबुजत, पाढे कुजबुजत, भांडणंसुद्धा कुजबुजत. मोठ्या मॅडम दारात येऊन म्हणाल्या, "एवढी शांतता? मुलं आजारी आहेत की काय?" त्यावर सगळा वर्ग एकदम "शूऽऽ!" मॅडमना काय वाटलं कोण जाणे, पण परत जाताना चपला त्यांच्या हातात होत्या. पालकांच्या ग्रुपवर एका आईचा मेसेज आला : "आमचा अर्णव घरी मिक्सर लावू देत नाही. अस्वल कधी उठणार?"

या वर्गात ओवी होती. तिला शाळेत सोडायला तिचे आबा यायचे, माकडटोपी घालून. दिवाळीनंतर आबा वारले. तेव्हापासून ओवी वर्गात सारखी जांभया द्यायची. पेंगायची आणि दचकून डोळे उघडायची. एक दिवस ती कपाटापाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, अस्वल नक्की उठणार?"

"उठणार की. ऊन तापलं की उठणार."

"मग आबा पण उठतील. आई म्हणाली, आबा झोपलेत."

मी असते तर तिला खडू दिले असते, फुगा दिला असता, काहीतरी दुसरंच काढलं असतं. शालनबाई गुडघे धरत खाली बसल्या. आणि त्या थंडीत पहिल्यांदाच नेहमीच्या आवाजात बोलल्या.

"नाही, ओवी. आबा झोपले नाहीत. आबा वारले. झोपलेलं माणूस उठतं. तू रोज उठतेस, मी उठते. वारलेलं माणूस उठत नाही."

"ऊन तापलं तरी?"

"तरी."

"मी हाक मारली तरी?"

"तरी गं, बाळा."

ओवी त्यांच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून रडली. बाईंनी तिला "रडू नको" म्हटलं नाही. मुलं बघत होती. कुणीही "शूऽऽ" केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवीचे पप्पा आले. अंबडच्या कंपनीत जाता जाता, युनिफॉर्मवरच. मोठ्या मॅडमचा चेहरा उतरला.

"मॅडम, आम्ही घरात इतकं जपून बोलतो," ते बाईंना म्हणाले, "आणि तुम्ही एवढ्याशा लेकराला सरळ सांगून टाकलं?"

"चुकलं असेल तर मला बोला. पण मुलांना मी खोटं सांगत नाही."

"आणि त्या शेपट्या? ते अस्वल?"

"ते नाटक आहे. मुलांना ठाऊक असतं, म्हणून तर मजा येते. आबांचं ओवीला ठाऊक नव्हतं."

 पप्पा मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले. गुडघे हनुवटीला लागले.

"दिवाळीपासून पोरगी झोपत नव्हती," ते म्हणाले. "मांडीवर घेतली तरी डोळे ताणून बसायची. डॉक्टर केले, दृष्ट काढली. काल रडली आणि झोपली. आज डोळे उघडल्या उघडल्या मला काय म्हणाली माहितीये? 'पप्पा, मी उठले.'"

 बाईंनी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी व्हरांड्यात उन्हाला डबा खायला बसलो.

"बाई, एवढं सगळं तुम्हाला कसं सुचलं?" मी विचारलं.

"सुचायचं काय त्यात?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मी ओवीएवढी होते तेव्हा आई वारली माझी. आम्ही मनमाडला. बाबा रेल्वेत. मला सांगितलं, आई गाडीने गावाला गेलीये. मग काय, रोज संध्याकाळी बाबांचं बोट धरून स्टेशनवर."

"किती दिवस?"

"दिवस कुठले, वर्षं. पुढे शाळेत एका मैत्रिणीने भांडणात सांगून टाकलं, तुझी आई मेलीये म्हणून."

"मग?"

"मग घरी बोलले नाही. बाबांना वाईट वाटलं असतं. संध्याकाळी आपणच चप्पल घालून तयार."

"आणि बाबांना कधीच कळलं नाही?"

शालनबाई हसल्या. "त्या मैत्रिणीच्या आईने त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं गं. मला ते माझ्या लग्नात कळलं, निघताना. तरी आम्ही जायचो दोघं. भुसावळकडची गाडी यायची. माणसं उतरायची, गाडी निघून जायची. मग बाबा म्हणायचे, 'उद्या बघू.' मी पण म्हणायचे, 'हो बाबा, उद्या बघू.'"